लेण्यांच्या पायथ्याचे गाव

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा काय लिहावे याचा फार विचार करावा लागला नाही. आपल्या शाळेच्या इमारतीविषयी, वसतिगृहाच्या जुन्या पत्र्याच्या खोल्यांविषयी, पहाटेच्या वंदनेविषयी आणि भोजनगृहातल्या पातळ आमटीविषयी माझे सहकारी व माजी विद्यार्थी जिव्हाळ्याने लिहितीलच. मला लिहावयाचे आहे ते एका गावाविषयी. हे गाव आपल्या शाळेच्या जवळचे नाही. परंतु गेली अनेक वर्षे नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आपण हिवाळ्यात पदभ्रमणासाठी तेथे जातो. या लेखाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांचे पाय त्या वाटेवर दुखलेले आहेत. ते गाव म्हणजे मावळातील भाजे.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरली की मळवली हे लोणावळ्याच्या अलीकडचे स्थानक. इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी सहल मात्र मळवलीपूर्वीच, देहूरोड स्थानकापाशी सुरू होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. गाडी तेथे क्षणभर थांबते. तेवढ्या क्षणात हे सांगून होते. पुढे तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशी स्थानके मागे पडतात आणि दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात. मळवलीला उतरून द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडला, की पंधरावीस मिनिटांत भाज्यात पोहोचता येते. पुलाखालून वाहने सुसाट धावत असतात. मुले कठड्याला टेकून ती पाहत बसतात, आणि मी त्यांना सांगतो की ही वाट नवी नाही. सोपारा, कल्याण या बंदरांवरून बोरघाट चढून देशावरील पेठांकडे जाणारा मार्ग याच खोऱ्यातून जात असे. बैलांचे तांडे गेले, मालमोटारी आल्या. खोरे तेच आहे, आणि कार्ले, भाजे, बेडसे ही तिन्ही लेणी या खोऱ्याच्या आसपासच्या डोंगरांत का खोदली गेली, याचे उत्तरही पुष्कळ अंशी त्या मार्गातच आहे.

येथे एका गोष्टीचा उलगडा करणे अवश्य आहे. ‘खेडेगावाची सहल’ हा शब्दप्रयोग आपल्या समाजात सहजपणे स्वीकारला जावा असा नाही. शहरातील सुखवस्तू माणसाला खेडे म्हणजे चुलीवरची भाकरी, शेणाने सारवलेले अंगण आणि शुद्ध हवा असे वाटते. आपल्या आजोबा-पणजोबांना खेडे म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांचा परखड समाचार घेतला. खेडे हे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर आहे, अशा आशयाचे ते बोलले आणि या राज्यघटनेने गाव हा घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. ते भाषण मी दरवर्षी वर्गात समजावून देतो. मग त्याच मुलांना हिवाळ्यात खेडे दाखवायला कोणत्या तोंडाने न्यावे?

हा प्रश्न मला सर्वांत आधी माझ्या वडिलांनी विचारला. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून १९७२ च्या दुष्काळात ते आईला आणि मला घेऊन पुण्याला आले आणि खडकीला कारखान्यात लागले. त्यानंतर लग्नकार्य सोडले तर त्यांनी गावाकडे कधी तोंड वळवले नाही. पहिल्या पदभ्रमणाची तयारी मी घरी करत होतो तेव्हा ते म्हणाले, “गाव बघायला माणूस पैसे खर्चून जातो व्हय? आम्ही गाव सोडायला पैसं जमवलं हुतं.” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या म्हणण्यात अनुभवाचा आधार होता, आणि माझ्याकडे पुस्तकांखेरीज दुसरा आधार नव्हता.

भाजे गाव आज कसे आहे म्हणाल, तर मावळातील कोणत्याही वाटेवरच्या गावासारखे आहे. रस्त्याला लागून उपाहारगृहे, पावसाळ्यात मक्याची कणसे भाजणाऱ्या बायकांच्या शेगड्या, बंगल्यांच्या कुंपणभिंती, आणि त्यांच्यामधून अजूनही टिकून राहिलेली भाताची खाचरे. आषाढ-श्रावणात डोंगरावरून धबधबे कोसळतात आणि सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याची गर्दी इतकी होते की पाय ठेवायला जागा मिळत नाही. म्हणूनच आपण हिवाळा निवडतो. तेव्हा खाचरांत नुसते धसकटे उरलेली असतात, हवा कोरडी असते, आणि लोहगड व विसापूर हे दोन किल्ले डोक्यावर स्पष्ट दिसतात. गावात पाहुण्यांची सवय आहे. पाठीवर पिशव्या अडकवलेली पन्नास-साठ मुले पाहून कोणी चकित होत नाही.

एका वर्षीचा प्रसंग मात्र विसरता येत नाही. पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एका घराच्या ओट्यावर बसलेल्या वयस्क गृहस्थांनी आमच्यातल्या एका मुलीला थांबवून विचारले, “कुठल्या शाळेची गं तुम्ही?” तिने सांगितले. “आडनाव काय?” तिने आडनाव सांगितले, आणि कोणी न विचारता पुढे म्हणाली, “आम्ही बौद्ध आहोत, बाबा.” मी दहा पावलांवर होतो. त्या दहा पावलांत माझे पन्नास वर्षांचे आयुष्य उभे राहिले. कारण आडनाव विचारण्यामागे काय असते हे आपल्यापैकी प्रत्येकाला कळते. ते गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, “लेण्यांवर चाललात ना? मग बाटल्या हितं भरून घ्या. वर पाणी न्हाय प्यायला.” आणि त्यांनी घरातून सुनेला हाक मारली. मुलांनी बाटल्या भरून घेतल्या. तो एक क्षण कशाचा होता, हे मला आजही ठरवता आलेले नाही. कदाचित तो नुसता म्हाताऱ्या माणसाचा श्वास असेल. परंतु मुलीच्या आवाजात कंप नव्हता, हे मी नीट ऐकले. दादांच्या पिढीला ते वाक्य इतक्या सरळपणे उच्चारता आले नसते.

गावाच्या वर पायऱ्या सुरू होतात. वीस-पंचवीस मिनिटांच्या चढणीनंतर डोंगराच्या पश्चिमेकडील कातळात एका ओळीत खोदलेली बावीस लेणी समोर येतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून हे खोदकाम सुरू झाले असे अभ्यासक मानतात. आपल्या देशातील सर्वांत जुन्या कातळलेण्यांत भाज्याची गणना होते. मध्यभागी बारा क्रमांकाचे चैत्यगृह आहे. समोरची प्रचंड कमान उघडी आहे. पूर्वी तेथे लाकडी दर्शनी भाग होता आणि तो बसवण्याच्या खोबणी अजून दिसतात. आत सुमारे साठ फूट लांबीचे दालन, सत्तावीस अष्टकोनी खांब आणि टोकाला कोणतीही मूर्ती नसलेला साधा स्तूप. खांब आतल्या बाजूस किंचित कललेले आहेत. मुलांना हे प्रथम बांधकामातील दोष वाटतो. मग मी त्यांना सांगतो की लाकडी घरात छताचा भार तोलण्यासाठी खांब असेच तिरपे उभे करतात. कातळाला त्याची गरज नव्हती, तरी सुताराच्या घरात वाढलेल्या हातांनी दगडातही लाकडाचीच रीत पाळली. छताला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळसे लाकूड मूळचे आहे. दोन हजार वर्षांहून जुने लाकूड डोक्यावर तोलून धरलेले पाहिले की वात्रट मुलेही गप्प होतात. लाकडावरही ब्राह्मी अक्षरांचे लहान लेख आढळले आहेत.

आपली प्रथा अशी की चैत्यगृहात आधी कोणी बोलायचे नाही. पादत्राणे बाहेर काढून खांबांच्या मागून प्रदक्षिणा घालायची, स्तूपासमोर बसून त्रिशरण-पंचशील म्हणायचे, आणि नंतरच इतिहासाचा तास सुरू करायचा. त्रिशरणाचा स्वर त्या कमानीखाली घुमतो तेव्हा अंगावर येणारा शहारा शब्दांत सांगता येणार नाही. ज्यांनी तो अनुभवला आहे त्यांना सांगण्याची गरज नाही.

इतिहासाचा तास चैत्यगृहाच्या दक्षिणेकडे होतो. तेथे लहान-मोठ्या चौदा स्तूपांचा एक समूह आहे. काही छताखाली, काही उघड्यावर. हे तेथे होऊन गेलेल्या थेरांच्या स्मरणार्थ उभारलेले स्तूप आहेत, आणि काहींवर त्यांची नावे कोरलेली आहेत. धम्मगिरी, अंपिकिणक, संघदिन. मी ही नावे मोठ्याने वाचतो आणि मुलांना पुन्हा म्हणायला लावतो. या भिक्खूंचे कुळ, त्यांचे गाव, त्यांची जात यांतले काहीही तेथे लिहिलेले नाही. भदंत, थेर, आणि नाव; एवढेच.

भाज्याचे शिलालेख थोडे आहेत आणि अगदी त्रोटक आहेत. एका खोलीवर भोगवतीच्या नादसवाचे दान नोंदले आहे. पाण्याच्या एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचे नाव आहे. या टाक्याला लेखात ‘पोढी’ म्हटले आहे. महारठी म्हणजे त्या काळचा मोठा सत्ताधीश. त्याने राजवाड्याची नव्हे, पाण्याच्या टाक्याची देणगी दिली आणि तिला ‘देयधम्म’ म्हटले. आणखी एका लेखात बाधा नावाच्या स्त्रीचे दान आहे. ती कोणाची राणी नव्हती, श्रेष्ठीची कन्या नव्हती. लेखात ती हालिकाची जाया म्हणून ओळखली जाते. म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको. खाली खाचरात ज्यांचे पाय चिखलात रुतत असत, त्यांतील एका घरच्या बाईने आपल्या मिळकतीतून काहीतरी बाजूला काढले, डोंगर चढून संघाला दिले, आणि तिचे नाव महारठीच्या नावाप्रमाणेच त्याच कातळावर, त्याच लिपीत कोरले गेले. खोऱ्याच्या पलीकडे कार्ल्याला गेलात तर तेथेही असेच दिसेल. धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, धेनुकाकटचा सुतार सामी, त्याच गावचे यवन. ज्यांना इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘सामान्य जनता’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते, ती माणसे येथे आपापल्या नावाने उभी आहेत.

दादा अखेर एकदा माझ्याबरोबर भाज्याला आले. निवृत्तीनंतरची गोष्ट. गुडघे दुखत होते, तरी पायऱ्या चढले. चैत्यगृहात त्यांनी हात जोडले. पण ते खरे थबकले ते पाण्याच्या टाक्यापाशी. “हे पाणी कुणासाठी हुतं?” त्यांनी विचारले. मी लेखाचा अर्थ सांगितला. ते कठड्यावर बसले. पाणी हिरवट होते, पिण्यासारखे नव्हते. बराच वेळ त्याकडे पाहून ते म्हणाले, “हितं नाव लिहून पाणी दिलंय. आमच्या गावात नाव इचारून पाणी अडवायचे.” त्यांच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, विहिरीपाशी दुपार दुपार उभे राहावे लागे, कोणी तरी वरून घागरीत पाणी ओतील म्हणून. ही गोष्ट घरात आम्ही अनेकदा ऐकली होती. परंतु भाज्याच्या टाक्याशी बसून त्यांनी ती सांगितली तेव्हा चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ हा दिवस मला प्रथमच आमच्या घरातील दिवस वाटला. बाबासाहेबांनी महाडला ओंजळभर पाणी उचलले ते काही नवा हक्क निर्माण करण्यासाठी नव्हे. पाणी सर्वांचे असते ही या डोंगरात कोरलेली जुनी गोष्ट पुन्हा मांडण्यासाठी, असे मला त्या दुपारी वाटून गेले.

वाटून गेले असे म्हणतो, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून सावध व्हायला हवे. एका वर्षी टाक्यापाशीच एका विद्यार्थ्याने मोठ्या उत्साहाने विचारले, “सर, म्हणजे तेव्हा जातच नव्हती ना?” सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. ‘नव्हती’ म्हटले असते तर टाळ्या पडल्या असत्या. परंतु नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची स्तुती करताना त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असे अभिमानाने नोंदवले आहे. तोही लेख बौद्ध लेण्यातच आहे, तोही दानाचाच लेख आहे. आणि कार्ल्याच्या संघाला उषवदाताने करजिक हे गाव दान दिले, तेव्हा त्या गावच्या शेतकऱ्यांना कोणी विचारले असेल असे मानायला आधार नाही. म्हणून मी त्या विद्यार्थ्याला सांगितले, “बाळा, वर्ण होता, सत्ता होती, उच्चनीचही होते. संकर थांबवला असे सांगावे लागते, याचा अर्थ संकर चालू होता आणि काहींना तो खुपत होता. पण त्याच काळात, याच डोंगरांत, नांगरट्याच्या बायकोचे दान आणि महारठीचे दान एकाच संघाने घेतले. हे दोन्ही खरे आहे. दोन्ही वहीत लिही.” तो थोडा हिरमुसला. परंतु आपल्या मुलांना सोयीचा इतिहास देऊन आपण त्यांना बळ देत नाही. ज्यांनी आपल्याविरुद्ध सोयीचा इतिहास लिहिला, त्यांचीच रीत आपण उचलावी काय? बाबासाहेबांनी रात्र रात्र जागून ग्रंथ धुंडाळले ते पुराव्यासाठी, आणि आपण त्यांचे विद्यार्थी आहोत.

दुपारचे डबे संपले की पुढची चाल सुरू होते. भाज्यातून गायमुख खिंडीकडे जाणारी वाट दीड-दोन तासांची आहे. खिंडीच्या एका बाजूस लोहगड, दुसऱ्या बाजूस विसापूर. लोहगड १६४८ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये पुन्हा जिंकला गेला. आता २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळालेल्या मराठा किल्ल्यांतही त्याचा समावेश झाला आहे. लोहगडवाडीत गावकऱ्यांच्या घरी पिठले-भाकरी मिळते. आपण आगाऊ कळवून तेथेच रात्रीचे जेवण घेतो, पंगतीत मांडीला मांडी लावून. पलीकडे पवनेचे पाणी चांदण्यात चमकते. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरून बेडशाकडे जायचे असते. बेडशाचे चैत्यगृह भाज्यापेक्षा अधिक कोरीव आहे आणि गर्दी फारच कमी. तेथे नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे दान नोंदले आहे, आणि एका लहान स्तूपावर गोभूति नावाच्या थेरांचा उल्लेख आहे. ते अरण्यात राहणारे आणि भिक्षेवर निर्वाह करणारे होते, असे त्यांच्या शिष्याने लिहून ठेवले आहे.

‘भिक्षेवर निर्वाह करणारे’ या शब्दांपाशी मी मुलांना हमखास बसवतो. पिंडपाताला निघालेल्या भिक्खूने ओळीने घरे घ्यावीत, मधले घर वगळू नये, अशी भिक्खूसंघात एक साधना आहे. श्रीमंताच्या दारी थांबायचे आणि गरिबाचे दार ओलांडून पुढे जायचे, हे चालत नाही. डोंगरावरचा भिक्खू सकाळी पात्र घेऊन खाली गावात उतरत असेल, तेव्हा तो गावाकडे कसा पाहत असेल? गाव त्याला गोडही वाटत नसेल आणि नकोसेही वाटत नसेल. समोर घरांची ओळ असेल आणि त्यातले एकही वगळायचे नाही, एवढेच त्याला ठाऊक असेल. खेड्याकडे पाहण्याची ही तिसरी दृष्टी मला भाज्याच्या पायवाटेने दिली. दादांचा प्रश्न तिने खोडून काढला नाही. गाव सोडणे हे त्यांच्यासाठी मुक्तीचे पाऊल होते आणि ते पाऊल उचलले म्हणूनच मी एम. ए. झालो. परंतु त्यांची नात आज गावात शिरते ती पाणी मागायला उभी राहण्यासाठी नव्हे. ती पाठीवर पिशवी घेऊन, नकाशा हातात धरून, शिलालेख वाचत जाते.

आणि शेवटी माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे. लेण्यांच्या भिंतींवर आज ठिकठिकाणी खिळ्याने ओरखडलेली प्रेमिकांची नावे आणि बाण दिसतात. थेरांच्या नावांशेजारी ती पाहून जीव कळवळतो. नाव कातळावर राहावे असे वाटत असेल, तर त्यासाठी काहीतरी देऊन जावे लागते, हे आपण आपल्या मुलांना शिकवू शकतो. तुमच्यापैकी अनेक जण आता पुण्या-मुंबईत, काही परदेशात स्थिरावले आहेत. आपल्या मुलाबाळांना एकदा मळवलीला उतरवा. मोटारीने थेट पायथ्याशी जाऊ नका, चालत जा. बाटल्या गावातच भरून घ्या. चैत्यगृहात पाच मिनिटे न बोलता बसा. मग टाक्यापाशी जा आणि मुलांना सांगा की हालिकाची बायको बाधा हिने दिलेल्या दानाची नोंद याच डोंगरात आहे. येत्या जानेवारीत नववीच्या तुकडीबरोबर वाटेवर चार-पाच मोठी माणसे मदतीला हवीच असतात. ज्यांचे गुडघे साथ देतील त्यांनी कार्यालयात आपले नाव कळवावे.

जय भीम. नमो बुद्धाय.